नवी कोंबडी आणली? पहिले तीन आठवडे वेगळी ठेवा



१ जून ते ३१ जुलै दर्या बंद. होड्या वर ओढून झाकल्या, जाळी दुरुस्तीला काढली. या ६१ दिवसांत घरात रोजचा पैसा येत नाही. म्हणून आपल्या वाड्यावरच्या बऱ्याच घरांत याच सुमारास आठ-दहा अंड्यावरच्या कोंबड्या विकत आणतात. घरात खायला होतं, चार अंडी शेजारी विकली जातात. आजचा धडा या नव्या कोंबड्यांचा आहे.

गेल्या पावसात आमच्यातल्याच एका घरात बाजारातून दहा तलंगा आणल्या आणि त्याच संध्याकाळी सात जुन्या गावठी कोंबड्यांबरोबर खुराड्यात सोडल्या. जून बरा गेला, जुलैही गेला. ऑगस्टमध्ये होड्या सुटल्या, घरातले सगळे आपापल्या कामाला लागले. चवथीच्या सुमारास पाहतात तर अंडी निम्म्यावर आलेली, जुन्या कोंबड्यांचे तुरे फिके पडलेले, अंग हाताला हलकं लागणारं. एक मेली तेव्हा जनावरांच्या दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी पोट उघडून दाखवलं, तर आतड्यात पांढऱ्या दोऱ्यांसारखे जंत खच्चून भरलेले.

आणल्यावर दोन महिन्यांनी का कळलं? कारण जंताचा हिशेबच तसा आहे. आतड्यातला गोल जंत पाच ते बारा सेंटीमीटर वाढतो. त्याची अंडी कोंबडीच्या विष्ठेतून बाहेर पडतात. ओल्या, उबदार मातीत ती दोन-तीन आठवड्यांत तयार होतात. दुसरी कोंबडी माती उकरताना ती खाते आणि पुढे पाच ते आठ आठवड्यांत तिच्या पोटात मोठा जंत होतो. म्हणजे कोंबडी जूनमध्ये आली, तर दुखणं ऑगस्टमध्ये दिसणार, नेमकं आपण दर्यावर असताना. शिवाय पावसाळी, सावलीच्या मातीत ही अंडी महिनोन् महिने जिवंत राहतात. एकदा परसात पसरली की औषध देऊनही पुन्हा पुन्हा त्रास होतो.

जुनी होडी विकत घेतली तर आपण तळ ठोकून बघतो, इंजिन चालवून बघतो, मगच पाण्यात घालतो. कोंबडीलाही तसंच करायचं.

घेताना विचारा. वय किती, मानमोडीची म्हणजे राणीखेतची लस कधी दिली, जंताचं औषध कधी दिलं. मग कोंबडी हातात घ्या. छातीचं हाड सुरीसारखं टोचत असेल तर ती खंगलेली आहे. डोळे-नाक वाहत नाही ना, मागची पिसं घाणीने चिकटलेली नाहीत ना, पायाचे खवले उठलेले नाहीत ना, ते पाहा. शेपटीखालची पिसं बाजूला करून उवा आहेत का तेही बघा.

वेगळी ठेवा. निदान तीन आठवडे. जागा जुन्या खुराड्यापासून लांब, वरून न गळणारी, खाली भाताचं तूस किंवा लाकडाचा भुसा. पाण्याचं भांडं वेगळं. आधी जुन्यांना खाणं घाला, मग नव्यांकडे जा. येताना हातपाय धुवा. कावळ्या-घारींसाठी जुनं जाळं लावणार असाल तर ताणून बांधा, सैल नायलॉनमध्ये पाय अडकतात. प्रवासाने पहिला आठवडा अंडी कमी पडतील, घाबरू नका.

जंताचं औषध. आल्या दिवशी देऊ नका. चार-पाच दिवस नीट खाऊ-पिऊ द्या. जमलं तर ताजी विष्ठा डबीत घालून दवाखान्यात तपासायला न्या. पिपराझिन फक्त मोठ्या गोल जंतावर चालतं, फेनबेन्डाझोल जास्त प्रकारच्या जंतांवर. विष्ठेत तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले तर तो पट्टकृमी, त्याला औषध वेगळं. म्हणून कोणतं द्यायचं आणि वजनावर किती, हे डॉक्टरच सांगतील. बकरीचं उरलेलं औषध अंदाजाने पाजू नका.

दहा-बारा कोंबड्या असतील तर ड्रॉपरने चोचीच्या कडेने हळूहळू द्या. घाईत ओतलं तर श्वासनळीत जातं. पाण्यातून द्यायचं असेल तर सकाळी, तहानेल्या असताना द्या आणि त्या वेळी त्यांना कोंडून ठेवा. डबक्याचं पाणी प्यायल्या तर औषध तसंच राहतं. औषधानंतर किती दिवसांची अंडी खायची-विकायची नाहीत तेही विचारा आणि तेवढी बाजूला काढा.

दुसऱ्या दिवशी खालचा भुसा सगळा काढून खोल पुरा, परसात टाकू नका. काही औषधांनी लहान जंत मरत नाहीत. म्हणून दोन-तीन आठवड्यांनी दुसरा डोस लागतो का ते विचारा आणि तो देऊनच कोंबड्या एकत्र करा. जुन्यांचीही त्याच वेळी तपासणी करून घ्या.

लस. जंताच्या औषधानंतर साधारण आठवड्याने मानमोडीची लस द्यावी, पोट साफ असलं की लस चांगली लागू पडते. लशीची कुपी उघडली की काही तासांतच संपवावी लागते आणि एका कुपीत पुष्कळ कोंबड्यांची लस असते. तेव्हा वाड्यावरच्या घरांनी एकच दिवस ठरवून डॉक्टरांना बोलवा, सगळ्यांचं काम होईल.

आपल्या घरातली चूक. खारे बांगडे, सुकट किंवा खाऱ्या मासळीचं धुवण कोंबड्यांना घालू नका. जास्त मिठाने कोंबडी मरते. ताज्या मासळीची आतडी-डोकी उकडून थोडीच द्या, नाहीतर अंड्याला वास येतो. उलट तिसऱ्यांचे शिंपले फेकू नका. उकळून, वाळवून, जाडसर कुटून वेगळ्या वाटीत ठेवा. कवच घट्ट होतं.

आणि एक लक्षात ठेवा, सगळंच दुखणं जंताचं नसतं. शेटीत रक्त दिसलं तर ती रक्ती हगवण असू शकते, तिला जंताचं औषध लागू पडत नाही. एकदम बऱ्याच कोंबड्या मेल्या तर हात लावू नका, खाडीत टाकू नका, लगेच दवाखान्यात कळवा.

आज कोंबड्या आल्या असतील तर कॅलेंडरवर तारखेला खूण करा. तिथून तीन आठवडे मोजा. बंदीत आपल्याला एवढा वेळ नक्कीच आहे, ऑगस्टमध्ये नसेल. तुमच्याकडे यंदा किती आणल्या, कुठे ठेवल्या, खाली लिहून कळवा.