आठवीला शाळा बदलण्याआधी

“शाळा जुनी आहे, चांगली आहे, पण पुढे काय?” सातवीतल्या मुलीचे वडील विचारत होते. हातात एका क्लासचं गुळगुळीत माहितीपत्रक, त्यात फाउंडेशन बॅचच्या फीभोवती लाल पेनाने गोल. शाळेत काय काय आहे, हे विचारल्यावर मात्र ते गप्प झाले.

यात त्यांचा दोष नाही. जुन्या अनुदानित शाळांना स्वतःची जाहिरात करायची सवयच नाही.

पुण्याचं न्यू इंग्लिश स्कूल घ्या. २ जानेवारी १८८० रोजी ते सुरू झालं, तेही एका जुन्या वाड्यात. संस्थापकांपैकी विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी त्यासाठी सरकारी शाळेतली नोकरी सोडली. टिळक कायद्याची पदवी घेऊनही वकिलीकडे वळले नाहीत. फळ्यापुढे उभे राहून गणित शिकवू लागले. आगरकर एम.ए.च्या अभ्यासामुळे वर्षभर उशिरा आले. मोठ्या पगाराची आशा धरू नकोस, असं त्यांनी आईला आधीच पत्राने कळवलं होतं. ‘पुढे काय?’ ही धास्ती त्या माउलीलाही वाटली असेलच! पुढे १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज उभं राहिलं, ते याच शाळेच्या पायावर. गोपाळ कृष्ण गोखल्यांनीही इथेच शिकवलं. शाळेचं नाव झालं ते शिक्षकांमुळे.

म्हणून तुमच्या गावातल्या शाळेतही आधी शिक्षक बघा. गणित आणि विज्ञानाला त्या विषयांचेच शिक्षक आहेत का? प्रयोगशाळेचं कुलूप आठवड्यातून किती वेळा निघतं? सेमी-इंग्रजीची तुकडी आहे का?

मग सूचनाफलक वाचा. आठवीत एन.एम.एम.एस. ही शिष्यवृत्ती परीक्षा असते: बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता, प्रत्येकी ९० गुण. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं, आणि मूल शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत हवं. विनाअनुदानित शाळेत नाव घातलं की हा हक्क गेला. हे दाखला काढण्याआधी माहीत असावं. चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा दिली तर दहावीला वाढीव गुण मिळतात: अ श्रेणीला ७, ब श्रेणीला ५, क श्रेणीला ३. पण तिच्याआधी एलिमेंटरी परीक्षा द्यावी लागते; तिचा फॉर्म वेळेत भरला नाही, तर ही वाट तिथेच अडते.

क्लास लावायचा तर जरूर लावा. पण त्याआधी एक दिवस अर्धी रजा टाका, मुलीला घेऊन शाळेत जा आणि वर्गशिक्षकांसमोर पंधरा मिनिटं बसा. माहितीपत्रकात नसलेलं बरंच काही तिथे कळेल, आणि त्याची फी नाही.