ताटातील धान्याचा हिशेब

ज्या घरांतील मागच्या पिढ्यांनी अर्धपोटी दिवस काढले, त्या घरांत भाताने भरलेले ताट हे सुखाचे लक्षण मानले गेले, यात नवल नाही. परंतु आज अंगमेहनत कमी झाली, बैठी कामे वाढली, आणि ताट मात्र पूर्वीचेच राहिले. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे २०२३ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात की, देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे. याच पाहणीतून २०२५ साली असेही पुढे आले की, आपल्या आहारातील सुमारे ६२ टक्के उष्मांक एकट्या कर्बोदकांतून येतात. म्हणून कर्बोदके कमी करण्याची सुरुवात सामान्य कुटुंबाने कशी करावी, याचा विचार येथे केला आहे.

कर्बोदके म्हणजे पिष्टमय व शर्करायुक्त पदार्थ. पचनानंतर त्यांची ग्लुकोज नावाची साखर होते व ती रक्तात उतरते. स्वादुपिंडातून स्रवणारे इन्सुलिन ही साखर पेशींपर्यंत पोहोचवते. गरजेपेक्षा जास्त झालेली साखर थोडी यकृतात व स्नायूंत साठते, उरलेल्या भागाची चरबी बनते. बँकेच्या भाषेत सांगायचे तर रोज जमा होत राहावे आणि खर्च मात्र होऊ नये, असा हा व्यवहार आहे.

आपली खरी अडचण अशी की, एकच वस्तू आपण अनेक नावांनी खातो. सकाळी पोहे, दुपारी पोळी, बटाट्याची भाजी आणि वर भात, उपवासाला साबुदाणा, सणाला शिरा! नावे निराळी, परंतु ताटात मुख्यतः पिष्टच. ज्वारीची भाकरी तंतूंमुळे मैद्याच्या पावापेक्षा निश्चितच चांगली. पण तीही धान्यच आहे, हे विसरू नये.

सवय एका दिवसात मोडत नाही. संयुत्त निकायातील दोणपाक सुत्तात कोसलचा राजा पसेनदी याची हकीकत आहे. द्रोणभर भात खाऊन तो धापा टाकीत भगवान बुद्धांकडे आला. भोजनातील मात्रा ओळखण्याविषयीची गाथा बुद्धांनी सांगितली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली व रोज जेवताना म्हणण्यासाठी शंभर कहापण ठरवून दिले. भात हळूहळू कमी होत नाळीभरावर आला आणि राजाचे शरीर हलके झाले. राजाने उपवास केला नाही. रोज आठवण ठेवली आणि क्रमाने कमी केले. आपणही पुढीलप्रमाणे क्रम ठरवावा.

१) पहिला आठवडा साखरेचा. दिवसाला तीन कप चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे सुमारे ३० ग्रॅम साखर व १२० उष्मांक. प्रथम ती निम्मी करावी. थंड पेये व बिस्किटे बंद करावीत.

२) दुसऱ्या आठवड्यात एका जेवणात एकच धान्य. पोळी असेल तर भात नको, भात असेल तर पोळी नको. बटाटा भाजी म्हणून धरू नये.

३) तिसऱ्या आठवड्यात रिकामी जागा भरावी. अर्धे ताट पालेभाजी, फळभाजी व कोशिंबीर यांचे असावे. सोबत मटकीची उसळ, अंडी, सुकट, मासळी, दही किंवा ताक घ्यावे. डाळी-कडधान्यांत कर्बोदके असली तरी प्रथिने व तंतूही भरपूर असतात.

४) चौथ्या आठवड्यात न्याहारी बदलावी. रोजच्या पोह्यांऐवजी उकडलेली अंडी, मोड आलेले हरभरे किंवा मूठभर शेंगदाणे घ्यावेत.

हे श्रीमंतांचे पथ्य नव्हे. रेशनचे गहू-तांदूळ अवश्य घ्यावेत. प्रश्न ताटातील प्रमाणाचा आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनानुसार धान्यांतून मिळणारे उष्मांक ४५ टक्क्यांपर्यंत असावेत. म्हणजे धान्य वर्ज्य करावयाचे नसून त्याला त्याच्या जागी बसवावयाचे आहे.

येथे एक गंभीर इशारा देणे आवश्यक आहे. इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय धान्य एकदम कमी करू नये. औषध तेवढेच आणि भात निम्मा झाला, तर रक्तातील साखर फार खाली जाऊन घाम, थरथर, प्रसंगी बेशुद्धी येऊ शकते. मूत्रपिंडाचे रुग्ण व गरोदर भगिनी यांनीही आधी सल्ला घ्यावा. वाढत्या वयाच्या विद्यार्थ्यांनी पोळी-भात सोडू नये. वडापाव, वेफर्स व शीतपेये सोडली तरी पुष्कळ झाले.

या आहाराने पहिल्या काही महिन्यांत वजन व साखर उतरण्यास मदत होते. परंतु वर्षभरानंतर इतर चांगल्या आहारपद्धतींहून त्याचा फरक थोडाच उरतो, असे अभ्यासातून दिसते. तेव्हा जे आयुष्यभर पाळता येईल तेवढेच धरावे. मागच्या पिढीने आपल्याला पोटभर अन्न मिळावे म्हणून कष्ट उपसले. ते अन्न आपल्याला औषधाच्या दुकानापर्यंत नेणार नाही, एवढी काळजी घेणे हे आपले काम आहे.