शरद जोशी यांचा स्वातंत्र्यविचार : जव्हार-मोखाड्यातून एक वाचन

दहावीच्या सायंकाळच्या अभ्यासिकेत एका विद्यार्थ्याने आम्हांस विचारले होते, “सर, सरकारने बाजारात पडूच नये असे म्हणणारा माणूस गरिबांच्या बाजूचा कसा?” प्रश्न शरद जोशी यांच्याविषयी होता. त्या वेळी आम्ही दिलेले उत्तर अपुरे होते.

जोशी यांचा जन्म ३ सप्टेंबर १९३५ रोजी साताऱ्यात झाला. टपाल सेवेतील अधिकारपद व पुढे स्वित्झर्लंडमधील बर्न येथील आंतरराष्ट्रीय टपाल संघाची नोकरी सोडून त्यांनी चाकणजवळ आंबेठाण येथे कोरडवाहू जमीन घेतली. स्वतः शेतीचा जमाखर्च मांडल्यावर, कितीही राबले तरी तोटाच का उरतो, हे त्यांना उमगले. निर्यातबंदी व लेव्ही यांच्या साहाय्याने सरकारच शेतमालाचे भाव पाडते, हा त्यांचा निष्कर्ष. १९८० साली नाशिक जिल्ह्यात कांदा-ऊस आंदोलनात शेतकरी रस्त्यावर बसले, ते अनुदानासाठी नव्हे, घामाच्या दामासाठी.

त्यांच्या विचाराची खरी उंची आम्हांस चांदवडच्या नोव्हेंबर १९८६ मधील महिला अधिवेशनात दिसते. त्यातूनच पुढे लक्ष्मीमुक्तीची मोहीम निघाली : पुरुषाने जमिनीचा वाटा स्वेच्छेने पत्नीच्या नावे करावा. हजारो कुटुंबांनी सात-बाऱ्यावर तशी नोंद केली. कायद्याची वाट पाहिली नाही. याच गृहस्थांनी ९ मार्च २०१० रोजी राज्यसभेत महिला आरक्षण विधेयकाविरुद्ध एकमेव मत दिले. आपला विरोध फिरत्या राखीव मतदारसंघांना आहे, असे ते सांगत. हिंदू कोड बिलासाठी १९५१ साली मंत्रिपद सोडणाऱ्या बाबासाहेबांचे आम्ही अनुयायी. ते मत आम्हांस आजही खटकते.

बाबासाहेबांनी १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये मूळ मुद्द्यालाच हात घातला होता. राज्यसंस्थेचे नियंत्रण हटल्याने स्वातंत्र्य वाढते, ते कोणाचे? खंड वाढवू पाहणाऱ्या जमीनदाराचे आणि मजुरी कमी करू पाहणाऱ्या भांडवलदाराचे, असे त्यांचे उत्तर होते. शेतीच राज्याच्या मालकीची असावी, असे त्यांनी तेथे मांडले. जोशी नेमके दुसऱ्या टोकाला उभे होते. संविधानाचे नववे परिशिष्ट रद्द करावे, ही त्यांची मागणी; आणि कसणाऱ्याला आधार देणारा १९४८ चा मुंबई कूळ कायदा त्याच परिशिष्टाच्या आश्रयाला आहे.

जव्हार-मोखाड्यात हा वाद पुस्तकी राहत नाही. येथे एका ठिकाणी जोशी पूर्णपणे खरे ठरतात, ते जंगलात. मोह, बांबू, डिंक गोळा करणाऱ्या वारली, कातकरी, ठाकर माणसाला पिढ्यान्‌पिढ्या वनखात्याची परवानगी मागावी लागली. गौण वनोपजावरचा त्याचा हक्क २००६ च्या वनहक्क कायद्याने मान्य केला. येथे सरकारचा हात मागे सरला, तोच न्याय झाला.

परंतु नाचणी-वरई बहुधा घरी खाण्यापुरतीच पिकते. बाजारात न्यायचे ते श्रम. पावसाळा सरला की वीटभट्टीच्या मालकाची उचल घ्यायची आणि भट्टीवर राबून ती फेडायची. या बाजारात सरकार फारसे पडत नाही. तरी घामाचे दाम मिळत नाही. आदिवासीची जमीन परवानगीवाचून बिगर-आदिवासीकडे जाऊ नये, हे बंधनही उद्या उठले, तर ती विकण्याचे स्वातंत्र्य उचलीत अडकलेला माणूस कसे वापरील, हे येथील कोणत्याही पालकास विचारावे.

प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलाचे आईवडील तेव्हा भट्टीवरच होते. उत्तर ऐकून तो म्हणाला, “उचल घेताना माझ्या बापाला नाही म्हणता येत होतं का, तेवढं सांगा, सर.”