गुप्तहेर कुणाच्या बाजूचा?

प्रश्न : परक्यांच्या ताब्यातलं शहर, अंधारे रस्ते, एकटा हिंडणारा गुप्तहेर आणि वर थोडी जादू, अशा इंग्रजी कादंबऱ्यांचं मला वेड आहे. आमच्या कर्जत-खालापूर भागात असं काही खरंच घडलंय का? की इथे नुसती फार्महाऊसं आणि भिजायला येणारे मुंबईकर? (एक वाचक, खोपोली)

उत्तर : घडलंय, आणि त्याचा धागा तुमच्या खोपोलीतूनच सुरू होतो. लोणावळ्याच्या धरणांचं पाणी घाटावरून सुमारे 500 मीटर खाली आणून टाटांनी 1915 साली खोपोलीला वीज तयार केली. पुढे कर्जत तालुक्यात भिवपुरीला दुसरं वीजघर झालं. ही वीज मुंबईच्या गिरण्यांना जायची. म्हणजे शहर तिकडे, पण त्याची नाडी इकडच्या रानात. 1942 मध्ये मुंबईत युद्धामुळे दिवे झाकायचे हुकूम होते, 'चले जाव'ची धरपकड चालू होती. परक्यांच्या ताब्यातलं अंधारं शहर म्हणाल तर आणखी काय हवं?

या नाडीवर बोट ठेवलं ते माथेरानच्या विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांनी. लोक त्यांना भाई कोतवाल म्हणत. 1912 सालचा जन्म, नाभिक कुटुंबातला मुलगा, शिकून वकील झाला, माथेरान नगरपालिकेचा उपाध्यक्ष झाला. सावकारीत बुडालेल्या शेतकरी-आदिवासींसाठी त्याने धान्यकोठार काढलं. पुढे जंगलात त्याला भाकरी आणि आसरा का मिळाला, ते या कोठारावरून कळतं. बेचाळीस साली त्याने 'आझाद दस्ता' उभा केला आणि मुंबईकडे जाणाऱ्या तारांचे मनोरे पाडायला सुरुवात केली.

हे काम कसं चालत असेल, ते जरा जवळून बघा. मनोऱ्याला लोखंडी चार पाय. लोखंड कापायच्या करवतीने ते कापायचे, आणि सगळे एकदम कापायचे नाहीत, कारण मनोरा कधी आणि कोणत्या अंगाला कलेल त्याचा नेम नसतो. वर वीज वाहती. रात्रीच्या शांततेत लोखंडावर करवत फिरल्याचा आवाज दूरवर जातो. पाय कापले की तारांचा ताण उरलेलं काम करतो, आणि तारा जमिनीला टेकल्या की तो मार्ग बंद पडतो. इकडे रानात एक मनोरा आडवा होतो आणि तिकडे गिरणीतली यंत्रं थांबतात. इतक्या लांबून मारलेला घाव मला कुठल्याही कादंबरीत वाचल्याचं आठवत नाही.

मग आला तपास. सरकारने बक्षीस लावलं, हॉल नावाचा पोलीस अधिकारी मागावर लागला. पण रहस्यकथेचा सगळा डोलारा ज्या प्रश्नावर उभा असतो, 'कुणी केलं?', तो इथे प्रश्नच नव्हता. गावोगावी लोकांना उत्तर माहीत होतं, फक्त कुणी बोलत नव्हतं. म्हणून हॉलचं सगळं काम खबरीवर अडलं. शेवटी ती मिळाली. दस्ता तेव्हा सिद्धगडाच्या जंगलात होता. कर्जत तेव्हा कुलाबा जिल्ह्यात, आणि सिद्धगड ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यात, म्हणजे दस्ता दुसऱ्या जिल्ह्यात होता. 2 जानेवारी 1943 ला पहाटे पोलिसांनी वेढा घातला. गोळीबारात दस्त्यातले हिराजी गोमाजी पाटील आणि भाई कोतवाल, दोघेही कामी आले. भाई तेव्हा तिशीतच होते.

आता हे परक्यांच्या ताब्यातल्या दुसऱ्या एका शहराशी ताडून बघा. 'द थर्ड मॅन' (1949) या चित्रपटात चार राष्ट्रांनी वाटून घेतलेलं व्हिएन्ना आहे. तिथल्या लष्करी पोलिसाची बाजू बघणाऱ्याला पटते, कारण भेसळीचं पेनिसिलिन विकणारा माणूस खरोखर नीच आहे. आमच्याकडे तसा हिशेब बसत नाही. परकं सरकार असलं की तपास करणारा हात त्याच सरकारचा असतो, आणि ज्याला तो 'गुन्हेगार' म्हणतो त्याच्या बाजूला वाचक आपोआप उभा राहतो. रहस्यकथाकार बाबुराव अर्नाळकरांचा नायक 'काळा पहाड' पोलिसांना चकवतो तेव्हा मराठी वाचकाला गुदगुल्या व्हायच्या. त्यात परक्या अंमलाखाली काढलेल्या दिवसांचा वाटा असणार, असं मला वाटतं.

राहिली जादू. त्यासाठी बाहेरचे जादूगार आणायची गरज नाही. रात्री रानातून जाणारा माणूस फिरून फिरून त्याच जागी येतो, तेव्हा 'चकवा लागला' म्हणतात आणि पायातली चप्पल उलटी घालायला सांगतात. आता चकवा लागलेली एक पोलीस तुकडी कल्पून बघा. कंदील आहेत, बंदुका आहेत, नकाशा आहे, आणि तोच आंबा तिसऱ्यांदा समोर येतो. फॅन्टसी म्हणून एवढं पुरेसं आहे, आणि ते त्या मातीतलं आहे.

तुमच्या पत्रावरून तुम्हाला स्वतः असं काही लिहायची खुमखुमी दिसते. लिहाच, पण दोन गोष्टी सांभाळा. कोतवाल आणि पाटील यांना जादूचे पुतळे करू नका, त्यांचं खरं आयुष्य पुरेसं चित्तथरारक आहे. त्यांना पार्श्वभूमीला ठेवा आणि पात्रं तुमची घ्या. आणि गुप्तहेर हॉलच्या बाजूचा नको. 2 जानेवारीनंतर 'खबर कुणी दिली?' हे शोधत गावोगाव हिंडणारा एखादा साधा मास्तर किंवा रेल्वेतला खलाशी घ्या. त्याला मदत करणारं कुणी नाही, बोलणारं कुणी नाही, आणि उत्तर मिळालं तर त्याचं करायचं काय, हेही ठाऊक नाही. सुरुवातीला सिद्धगडावर एकदा जाऊन या. दरवर्षी 2 जानेवारीला तिथे हुतात्म्यांना वंदन करायला माणसं जमतात. त्यांच्यात म्हातारी माणसं दिसली तर आधी त्यांच्याजवळ बसा.