मागच्या गाडीला विजेतेपद कसे?

प्रश्न : मोटारशर्यतींचा मला पहिल्यापासून नाद आहे, पण माझी सगळी माहिती फॉर्म्युला वनपुरती. मध्यंतरी जॉन क्लेलंड या स्कॉटिश चालकाबद्दल वाचले. व्यवसायाने मोटारविक्रेता असलेला हा माणूस १९८९ मध्ये ब्रिटिश टूरिंग कार स्पर्धेचा अजिंक्यवीर ठरला, आणि त्या हंगामात त्याच्यापेक्षा कितीतरी वेगवान गाड्या दर शर्यतीत त्याच्या पुढे असायच्या म्हणे. हे शक्य तरी कसे आहे? आणि अशा विजेतेपदाला खरे म्हणायचे का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : शक्य आहे, आणि विजेतेपद खरेही आहे. पण त्यासाठी तेव्हाची गुणांची पद्धत समजून घ्यावी लागेल.

टूरिंग कार म्हणजे शोरूममध्ये तुम्हाआम्हाला मिळते तीच गाडी, शर्यतीसाठी तयार केलेली. बाहेरून अंगाखांद्याने ओळखीची. तीच दारे, तेच दिवे, डिकीवर कंपनीचे तेच नाव. आत मात्र मागची सीट, गालिचे, दारांचे अस्तर सगळे काढून टाकलेले असते आणि गाडी उलटली तर चालक वाचावा म्हणून पोलादी नळ्यांचा पिंजरा बसवलेला असतो. १९८९ च्या सुमारास ब्रिटनमध्ये या गाड्यांचे इंजिनाच्या आकारावरून चार गट पाडलेले होते. चारही गट एकाच वेळी, एकाच ट्रॅकवर धावत. गुण मात्र ज्याच्या त्याच्या गटातल्या क्रमांकावर मिळत. सर्वांत लहान गटात पहिल्या आलेल्याच्या खात्यात तेवढेच गुण पडत, जेवढे सर्वांत मोठ्या गटातल्या पहिल्याच्या. तुमच्या कोल्हापूरच्या भाषेत सांगायचे तर सगळ्या वजनी गटांच्या कुस्त्या एकाच आखाड्यात एकदम लावायच्या आणि वर्षअखेरीस ज्याच्या नावावर गुण जास्त, त्याच्या खांद्यावर गदा द्यायची, मग तो कितीही किलोचा असो.

१९८९ मध्ये मोठ्या गटात फोर्ड सिएरा आरएस ५०० होत्या. टर्बो इंजिनाच्या, शर्यतीच्या सज्जतेत सुमारे ५०० अश्वशक्तीच्या. वळण संपून सरळ रस्ता लागला की त्यांच्यापुढे कुणाचे काही चालत नसे. पण त्या गटात अँडी राउझ, रॉब ग्रॅव्हेट, टिम हार्वे असे एकाहून एक चालक होते. त्यांचे आपसातच झगडे चालत आणि गुणांची वाटणी होई. तिसऱ्या गटात, म्हणजे दोन लिटरपर्यंतच्या गाड्यांत, क्लेलंडची व्हॉक्सहॉल ॲस्ट्रा जीटीई होती. पुढच्या चाकांवर चालणारी, सोळा व्हॉल्व्हची, टर्बो नसलेली. त्या गटात त्याला तोड नव्हती. गाडी बंद पडू द्यायची नाही, आपल्या गटात पहिले यायचे, पुन्हा पुढच्या शर्यतीला तेच. मागून येणाऱ्या सिएरांना वाट द्यायची, पण त्यापायी आपली लय बिघडू द्यायची नाही, हे कसब बाहेरून दिसत नाही. मला तरी ते मोठेच वाटते. याआधी १९८६ आणि १९८७ मध्ये ख्रिस हॉजेट्सने सर्वांत लहान गटातली टोयोटा कोरोला चालवून लागोपाठ दोनदा विजेतेपद मिळवले होते. म्हणजे क्लेलंडने कुठली पळवाट शोधली नव्हती, नियमच तसे होते.

जाता जाता एक गंमत सांगतो. त्या वेळची ॲस्ट्रा म्हणजे ओपेल कॅडेटचा ब्रिटिश अवतार. त्याच कॅडेटवरून पुढे कोरियाच्या देवू कंपनीने गाडी बनवली आणि १९९५ पासून ती आपल्याकडे सिएलो या नावाने विकली गेली. एके काळी आपल्या गावांतून फिरणाऱ्या सिएलोचा सांगाडा आणि क्लेलंडच्या विजेत्या गाडीचा सांगाडा एकाच कुळातला!

तुमच्या दुसऱ्या प्रश्नात तथ्य आहे. प्रेक्षक उन्हातान्हात उभे राहून एका गाडीला पहिली येताना बघणार आणि वर्षअखेरीस करंडक भलत्याच गाडीला मिळणार, हे सामान्य माणसाला पटणे कठीण. आयोजकांनाही ते पटेनासे झाले. १९९० मध्ये दोन लिटरच्या, टर्बो नसलेल्या गाड्यांचा नवा नियम आणला आणि १९९१ पासून गट मोडीत काढून सगळ्यांना त्याच एका नियमाखाली उभे केले. हाच पुढे गाजलेला सुपर टूरिंगचा काळ. क्लेलंड खरा कसाला लागला तो इथे, कारण आता पुढचा तो पुढचाच आणि मागचा तो मागचाच.

आणि तो टिकला. १९९२ चा हंगाम सिल्व्हरस्टोनच्या शेवटच्या शर्यतीपर्यंत ताणला गेला. क्लेलंड, टोयोटावाला विल हॉय आणि बीएमडब्ल्यूवाला टिम हार्वे, तिघांनाही विजेतेपदाची संधी होती. हार्वेचा साथीदार स्टीव्ह सोपर सुरुवातीच्या धक्क्यात मागे पडला होता. तो एकेक गाडी टाकत क्लेलंडपर्यंत पोहोचला आणि मग जे झाले ते ब्रिटनमध्ये आजही बघितले जाते. दोन्ही गाड्या दाराला दार लावून वळणात शिरल्या, क्लेलंडची व्हॉक्सहॉल कॅव्हेलियर क्षणभर दोन चाकांवर उचलली गेली. गाडीतल्या कॅमेऱ्यात दिसते की त्याने सोपरच्या दिशेने रागाने बोट उगारले. पुढच्या वळणावर सोपर आतल्या बाजूने घुसला, धडक बसली आणि दोघेही शर्यतीबाहेर गेले. हार्वे पुढे निघून गेला होता. विजेतेपद त्याचे झाले. गाडीतून उतरल्यावर क्लेलंडने सोपरबद्दल जे बोलायचे ते आडपडदा न ठेवता बोलून घेतले. बोलका स्वभाव आणि स्कॉटिश ठसक्याची वाणी यामुळे बीबीसीवर शर्यती बघणारे घराघरांतले लोक त्याला ओळखू लागले होते, त्या दिवसापासून तर कुणी विसरलेच नाही.

दुसरे विजेतेपद १९९५ चे, आणि माझ्या मते पहिल्यापेक्षा ते वजनदार. त्याची पार्श्वभूमी मजेदार आहे. १९९४ मध्ये अल्फा रोमिओने आपल्या १५५ या गाडीला पुढे-मागे हवेचा दाब वाढवणारे पंख लावले. गाडी विकताना ते पंख डिकीत ठेवून दिले जात आणि ग्राहकाने हवे तर बसवून घ्यावेत, एवढ्यावर नियमाची पूर्तता झाली असे कंपनीचे म्हणणे. वाद पेटला, ओल्टन पार्कला अल्फाचा संघ निषेध म्हणून निघून गेला, पण परतला आणि गॅब्रिएले टार्क्विनी अजिंक्य ठरला. पुढच्या वर्षी पंख सर्वांना मोकळे झाले. आता क्लेलंडसमोर कोण होते ते बघा. रेनॉच्या लगुनात अलँ मेन्यू, आणि त्या गाडीच्या मागे फॉर्म्युला वनमधली साक्षात विल्यम्स. व्होल्वो ८५० मध्ये रिकार्ड रायडेल, त्याच्या मागे टॉम वॉकिन्शॉचा संघ. (याच व्होल्वोने आदल्या वर्षी सामान वाहायची लांबलचक इस्टेट गाडी शर्यतीत उतरवून सगळ्यांना थक्क केले होते.) क्लेलंडच्या हातात कॅव्हेलियर, आणि तीही उतरत्या काळातली, कारण तिची जागा घेणारी व्हेक्ट्रा तयार होत होती. रे मॅलकच्या संघाने त्या जुन्या गाडीतून शेवटचा थेंब काढला. त्रेचाळीस वर्षांचा क्लेलंड आपल्यापेक्षा तरुण मेन्यू आणि रायडेलला मागे टाकून अजिंक्य झाला. या खेपेस कुणाला गुणांचे कोष्टक समजावून सांगावे लागले नाही.

प्रश्न : शर्यती आणि मोटारविक्री हे दोन्ही तो एकदम कसे करायचा? शर्यतीतून पुरेसे पैसे मिळत नव्हते का?

उत्तर : क्लेलंड मूळचा विशॉचा, ग्लासगोच्या आग्नेयेला असलेल्या लॅनार्कशरमधल्या गावचा. धंदा मात्र दक्षिण सीमेजवळच्या गालाशील्समध्ये, लोकरीच्या गिरण्यांसाठी नावाजलेल्या गावात. टूरिंग कारमध्ये येण्याआधी व्हॉक्सहॉलच्याच मोठ्या गाड्या घेऊन तो थंडरसलून नावाच्या मालिकेत उतरायचा. १९८९ चा हंगाम सुरू झाला तेव्हा तो छत्तिशीत होता. लहानपणी गो-कार्ट, मग एकेक पायरी चढत फॉर्म्युला वन, असा आजचा ठरलेला रस्ता त्याच्या वाट्याला आला नाही. पण स्कॉटलंडला हे नवीन नव्हते. त्याच सीमाभागातला जिम क्लार्क मेंढ्या पाळणारा शेतकरी होता. दोनदा फॉर्म्युला वनचा जगज्जेता झालेल्या क्लार्कने १९६४ मध्ये लोटस कॉर्टिना चालवून ब्रिटनचे सलून कारचे, म्हणजे याच स्पर्धेच्या पूर्वावताराचे, विजेतेपदही घेतले. फॉर्म्युला वनचा दुसरा स्कॉटिश जगज्जेता जॅकी स्ट्युअर्ट, त्याच्या घरचे गॅरेज होते. कामधंदा करून शर्यत, ही तिकडची जुनी रीत.

शिवाय टूरिंग कारमध्ये दोन्ही धंदे एकमेकांना पूरकच होते. कॅव्हेलियर ही ब्रिटनमध्ये कंपन्या आपल्या विक्री प्रतिनिधींना घाऊक संख्येने घेऊन देत, तशी गाडी. रविवारी ती शर्यतीत जिंकली की सोमवारी शोरूममध्ये चौकशा वाढतात, या हिशेबावरच कंपन्या लाखो पौंड ओतत. एरवी चालकाला या हिशेबाशी देणेघेणे नसते. क्लेलंडला होते. समोर बसलेल्या गिऱ्हाइकाला गाडी कशासाठी हवी असते, हे तो रोज ऐकत होता. व्हॉक्सहॉलने त्याला इतकी वर्षे का सांभाळले, याचे निम्मे उत्तर मला यात दिसते. १९८९ पासून १९९९ मध्ये निवृत्त होईपर्यंत या स्पर्धेत तो एकाच कंपनीच्या गाड्या चालवत राहिला. व्हेक्ट्राने १९९६-९७ ला फारशी साथ दिली नाही, १९९८ मध्ये स्नेटरटनला मोठा अपघातही झाला, तरी त्याने घर बदलले नाही.

निवृत्तीनंतरचा एक पराक्रम अनेकांना ठाऊक नसतो. २००१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या बाथर्स्टच्या १००० किलोमीटर शर्यतीत ब्रॅड जोन्सबरोबर फोर्ड फाल्कन चालवून तो दुसरा आला. माउंट पॅनोरमाचा तो डोंगरी रस्ता, मागच्या चाकांवर चालणारी अवजड व्ही-८ गाडी आणि वय एकोणपन्नास. ब्रिटिश टूरिंग कारमध्ये इतकी वर्षे पुढच्या चाकांच्या गाड्या चालवलेल्या माणसाने हे करावे, याचे मला विशेष वाटते.

प्रश्न : आज कोणी स्कॉटिश चालक त्याच्या तोडीचा आहे का? आणि आपल्याकडे असे काही आहे?

उत्तर : विजेतेपदे मोजली तर गॉर्डन शेडन त्याच्याही पुढे आहे. २०१२, २०१५ आणि २०१६, तिन्ही होंडा सिव्हिकवर. एव्हाना नियम पुन्हा निराळे झाले होते. दिवसाला तीन शर्यती, जिंकणाऱ्याच्या गाडीत पुढच्या वेळी जास्तीचे वजन आणि तिसऱ्या शर्यतीत पुढच्या काही क्रमांकांची रांग उलटी. २०१५ ला ब्रँड्स हॅचच्या शेवटच्या शर्यतीत शेडन मागच्या रांगांतून निघाला, गाड्या टाकत चौथा आला आणि जेसन प्लेटोच्या हातून विजेतेपद निसटले. २०१६ ला सॅम टॉर्डॉफपेक्षा त्याचे फक्त दोन गुण जास्त होते. शेडनचे घरचे मैदान म्हणजे डनफर्मलिनजवळचा नॉकहिल, १९७४ पासूनचा, जेमतेम दोन किलोमीटरचा, चढउतारांचा ट्रॅक. स्कॉटलंडला गेलात तर फॉर्म्युला वनची आठवण बाजूला ठेवून तिथे एक शर्यत जरूर बघा. पहिल्या वळणाच्या उतारावर उभे राहा. गाड्या तिथे एकमेकींना घासून जातात.

आपल्याकडे २०१० मध्ये फोक्सवागेनने पोलो कप सुरू केला आणि बंद छपराच्या एकसारख्या गाड्यांच्या शर्यतींना त्यातून चांगली चालना मिळाली. चेन्नईजवळचे इरुंगाट्टुकोट्टई आणि कोइमतूरचा कारी स्पीडवे ही त्या शर्यतींची ठिकाणे. तिकडे गेलात तर सगळे लक्ष पहिल्या गाडीवर ठेवू नका. पाचव्या ते दहाव्या क्रमांकात कोण कुणाला अडवतो आणि कोण गाडी शाबूत ठेवून गुण खिशात घालतो, ते बघा. वर्षअखेरीस वर दिसणारे नाव कधीकधी तिथलेच असते.