रेस उतरेना? आधी हवा शोधा

शंका : आमच्याकडे वडिलांनी घेतलेली 1989 ची प्रीमियर पद्मिनी आहे. मे महिन्यात कार्बोरेटर उघडून साफ करून घेतला. तेव्हापासून गाडी सिग्नलला उभी असली तरी रेस धरूनच असते. मेकॅनिकने स्लोचा स्क्रू पार सैल केला, तरी फरक नाही. आता तो कार्बोरेटर बदला म्हणतो. बदलावा का? – एक वाचक, मुलुंड (पश्चिम)

समाधान : इतक्यात बदलू नका. स्लोचा स्क्रू सैल करूनही फरक पडला नाही, हीच तुमच्या पत्रातली सगळ्यांत मोलाची माहिती आहे. हा स्क्रू बटरफ्लायला पूर्ण मिटू देत नाही. उरलेल्या फटीतून येणाऱ्या हवेवर इंजिन मंद चालतं. स्क्रूचा आधार काढून घेतल्यावरही इंजिन धावत असेल, तर एक तर बटरफ्लाय मिटतच नाही, नाहीतर हवा दुसऱ्या वाटेने आत शिरते आहे. यांतलं नेमकं काय, ते कळेपर्यंत एकही सुटा भाग विकत घेऊ नका.

इंजिन बंद असताना बॉनेट उघडा आणि बटरफ्लायचा लिव्हर बोटाने मागे ढकला. तो आणखी मागे गेला, तर दोष कार्बोरेटरात नाही; पेडलपासून येणारी जोडणी अडकते आहे किंवा परतीची स्प्रिंग सैल झाली आहे. मुंबईच्या पावसाळ्यात जोडणीचे सांधे गंजतात, त्यामुळे ही तक्रार नेहमीची आहे. चोकही बघा. चोकची केबल पूर्ण आत गेली नाही तर जादा मिश्रण जातच राहतं. आपल्या हवेत सकाळी थोडा वेळ चोक ओढला तरी पुष्कळ होतो.

हे ठीक असेल तर एअर क्लीनर काढा, इंजिन चालू ठेवा आणि कार्बोरेटरच्या तोंडावर लाकडी फळीचा तुकडा हळूहळू सरकवा. हात लावू नका, उलटा भडका येऊ शकतो. तोंड झाकताच इंजिन बंद पडलं, तर हवा तोंडातूनच येत होती, म्हणजे बटरफ्लाय उघडा राहतो आहे. झाकूनही इंजिन चालत राहिलं, तर गळती खाली कुठेतरी आहे.

तुमच्या गाडीत बिघाड कार्बोरेटर उघडल्यानंतर सुरू झाला, म्हणून मला दोन जागांचा दाट संशय आहे. पहिली जागा बटरफ्लाय. त्याच्या कडा तिरक्या घासलेल्या असतात. साफसफाईत तो काढून उलटा बसवला, तर कितीही दाबला तरी पूर्ण मिटत नाही. प्रकाशासमोर धरून बघा, कडेने उजेडाची रेघ एकसारखी दिसायला हवी. दुसरी जागा कार्बोरेटरचा तळ, जो मॅनिफोल्डवर बसतो. नट जरा जास्त आवळले की या तळाचे कान वाकतात, मध्ये फुगवटा येतो आणि पॅकिंग नवीन असूनही बाजूने हवा आत जाते. कार्बोरेटर उतरवा आणि तळावर स्टीलची पट्टी उभी धरून खालून उजेड दिसतो का बघा. दिसला, तर जाड काचेवर पॉलिश पेपर अंथरून तळ त्यावर गोल गोल फिरवत घासायचा, पट्टीखालचा उजेड जाईपर्यंत. मग नवं पॅकिंग घालून दोन्ही नट आलटून पालटून थोडे थोडे आवळायचे. बहुतेक गाड्या एवढ्यावर बऱ्या होतात.

गळतीची जागा पक्की करायला चालू इंजिनच्या सांध्यांवर पाण्याचा अगदी बारीक फवारा मारा. आवाज बदलला की जागा सापडली. पेट्रोल किंवा स्प्रे मारून बघणारे पुष्कळ आहेत, पण शेजारीच तापलेला सायलेन्सरचा मॅनिफोल्ड असतो. ते धाडस कुणालाही करू देऊ नका. बटरफ्लायची दांडी वरखाली हलत असेल तर लेथवर बुश बसवून घ्या. रेस चढते आणि सावकाश उतरते, असं असेल तर डिस्ट्रिब्युटरमधली वजनं आणि त्यांच्या स्प्रिंगा तपासा. टायमिंग पुढे राहिलं तरी रेस वाढते.

तुमची गाडी एलबीएस मार्गावरच्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, 1089 सीसीची. ऑक्टोबर 2023 मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेली. मूळचा कार्बोरेटर जपणं म्हणूनच महत्त्वाचं. बदली म्हणून मिळणारा जुना कार्बोरेटर तुमच्याहून झिजलेला असायचाच संभव जास्त.

शंका : माझ्या आरएक्स 100 ची रेस अंधेरी-कुर्ला रोडच्या ट्रॅफिकमध्ये आपोआप चढत जाते. धूर नाही. चालवत राहिलो तर चालेल का? – एक वाचक, अंधेरी (पूर्व)

समाधान : नाही, आजच थांबवा. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच क्रँककेसमधून जातं. बाहेरची हवा शिरली की मिश्रण पातळ होतं, ऑइल कमी पडतं आणि पिस्टन जॅम होतो, तोही चालत्या गाडीत. कार्बोरेटर आणि इंजिनमधला रबरी मॅनिफोल्ड वाकवून बघा, भेगा वाकवल्यावरच दिसतात. तो चांगला असेल तर क्रँकचं ऑइल सील बघायचं. क्लचच्या बाजूचं गेलं की गिअर ऑइल खेचलं जातं आणि पांढरा धूर येतो. तुमच्याकडे धूर नाही, म्हणून मॅग्नेटच्या बाजूचं सील आधी तपासा. मॅग्नेट पुलरनेच काढायला सांगा, हातोडी नको. चावी बंद करूनही इंजिन थांबेना, तर वरचा गिअर टाका आणि दोन्ही ब्रेक घट्ट धरून क्लच सोडा.

शंका : 1998 ची मारुती 800. एसी लावला की रेस वाढते. – एक वाचक, बोरिवली

समाधान : ती वाढायलाच हवी. कॉम्प्रेसरच्या ओझ्याने इंजिन बंद पडू नये म्हणून तशी सोय आहे. एसी बंद केल्यावर उतरत नसेल तरच काळजी. तेव्हा कार्बोरेटरभोवतीच्या बारीक व्हॅक्युम नळ्या एकेक काढून टोकं बघा. उष्णतेने कडक होऊन तडकतात. पेट्रोलच्या नळ्याही बदलाच. 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल 2023 पासून येऊ लागलं आणि जुन्या रबराला ते मानवत नाही.

शंका : 1996 ची चेतक आहे. स्लो वाढवून ठेवला की पीयूसी निघते, असं सांगतात. – घाटकोपरच्या एक वाचक

समाधान : ताई, मिश्रण चुकीचं असेल तर स्लो वाढवून फक्त ते झाकलं जातं. 2000 सालच्या आधीच्या दुचाकीला मंद चालीत कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 4.5 टक्के आहे आणि नीट बांधलेली चेतक त्यात बसते. आधी एअर फिल्टर धुऊन घ्या. मग स्कूटर थोडी फिरवून इंजिन गरम करा. मिश्रणाचा स्क्रू थोडा थोडा फिरवून इंजिन सगळ्यांत जोमदार आणि एकसारखं चालेल तिथे थांबा, स्लो खाली आणा आणि हेच आणखी एकदा करा. कुठल्याही कार्बोरेटरवर स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर आत फिरवल्यावर पेट्रोल वाढतं. इंजिनच्या बाजूला असेल तर आत फिरवल्यावर कमी होतं. पीयूसीला जाताना इंजिन गरम असू द्या.