‘वृद्ध गिटारवादक’ : निळा रंग आणि करुणाचा प्रश्न

पाब्लो पिकासोच्या ‘वृद्ध गिटारवादक’ या चित्राविषयी लिहिताना निळा रंग म्हणजे दुःख, हे समीकरण बहुधा गृहीत धरले जाते. फेब्रुवारी १९०१ मध्ये कार्लेस कासाजेमास या मित्राने आत्महत्या केली, त्यानंतर पिकासोचा ‘नील कालखंड’ सुरू झाला आणि १९०३-०४ च्या सुमारास बार्सिलोनात हे चित्र झाले, असा चरित्राचा आधारही त्याला मिळतो. परंतु चरित्र चित्राची पार्श्वभूमी सांगते, चित्रातील भावाची घडण नव्हे.

नाट्यशास्त्राशी परिचित वाचकाला येथे अडचण जाणवावी. भरताने करुणाला कपोतवर्ण, म्हणजे पारव्याचा करडा रंग दिला आहे. नीलवर्ण तेथे बीभत्साचा आहे. रंग आणि भाव यांचे नाते संकेताधीन असेल, तर पाश्चात्त्य संकेत न मानणाऱ्यालाही हे चित्र करुण का वाटावे? याचे उत्तर रंगाआधी आकृतीत शोधावे लागते.

वृद्ध मांडी घालून बसला आहे. पाय अनवाणी, वस्त्र फाटके, खांदा उघडा, डोळे दृष्टिहीन. मान अशी मोडल्यासारखी वाकली आहे की मस्तक आडवेच झाले आहे. हा देह ताठ झाला तर सुमारे सव्वा मीटर उंचीच्या या फलकात मावणार नाही, असे वाटत राहते. हाडकुळ्या अवयवांची लांबण एल ग्रेकोच्या आकृतींची आठवण देते. मात्र तेथे ती ऊर्ध्वगामी असते, येथे घडी पडून स्वतःवरच परतते. चित्राची चौकट हीच त्या माणसाची कोंडी होते.

मग रंग आपले काम करतो. त्वचा, वस्त्र, परिसर सारे निळ्या-करड्या छटांत मिसळल्याने माणसाला स्वतंत्र अस्तित्वच उरत नाही. अपवाद एकच : गिटार तपकिरी आहे. चित्रातली सगळी ऊब त्या लाकडात आहे आणि देह तिच्याभोवती वेढला आहे. निळ्याला थंडपणा येतो तो या तपकिरीमुळे. (कृष्णधवल प्रतिकृतीवरून चित्र समजावताना नेमके हेच निसटते.)

या तपकिरीमुळे रसनिर्णयही अवघड होतो. भरताच्या मते करुण निरपेक्ष असतो. आशेचा धागा उरला की तो विप्रलंभाकडे झुकतो. येथे प्रियजन नाही, पुनर्मीलनाची शक्यता नाही, म्हणून विप्रलंभ म्हणता येत नाही. पण वृद्धाची बोटे अद्याप तारांवर आहेत. तेव्हा त्याला शुद्ध करुणही म्हणता येत नाही.